बंबाचा शिधा

जव्हारच्या बुरूड आळीत पारूचं नात्यातलं कोणी नव्हतं. तिचं घर लांब, मोखाड्याच्याही पुढे, सूर्यमाळच्या डोंगरातल्या एका पाड्यावर. तरी दरवर्षी खंडेनवमीला ती डोक्यावर पाटी घेऊन आळीत शिरली, की बांबू सोलत बसलेल्या बायकांपैकी कोणीतरी मान वर करून म्हणायचीच, "आली बघा विहिरीतली पारू." पारूला त्याचा राग येत नसे. आळीत आणखी दोन पारू होत्या, एक टपरीवाल्याची सून आणि दुसरी शाळेत खिचडी शिजवणारी. तेव्हा ओळखीला काहीतरी हवंच होतं, आणि विहीर काही खोटी नव्हती.

ती विहिरीत उतरली तेव्हा लग्नानंतरचा तिचा पहिलाच उन्हाळा होता. माहेर पोशेऱ्याचं. तिथे ओढ्याच्या डोहात बरेच दिवस पाणी टिकायचं. सासरी मात्र होळी झाली की विहीर तळाला जायची. मग दोर-बादलीने काम भागत नसे. बादली चिखलात आपटून रिकामीच वर यायची. कोणीतरी आत उतरायचं, झऱ्यापाशी बसून वाटीवाटीने हंडा भरायचा आणि वरच्यांनी तो ओढून घ्यायचा, अशी तिथली पद्धत. उतरायला हलकं माणूस लागे. त्या वर्षी पाड्यात सगळ्यात हलकी पारू होती, आणि नव्या सुनेला नाही म्हणायची सोय नव्हती.

हंडा आणि वाटी घेऊन ती तळाशी पोचली, कमरेचा दोर सोडला आणि वर बघून हात हलवला, एवढ्यात दोर बांधलेला, विहिरीवर आडवा टाकलेला जुना ओंडका मधोमध मोडला. पारू अंग चोरून कपारीत सरकली म्हणून वाचली. ओंडक्याचे दोन्ही तुकडे आणि सगळाच्या सगळा दोर तिच्या पुढ्यात येऊन पडला. वर बायकांनी एकच गलका केला. सासू माघी काठावर पालथी पडून हाका मारू लागली.

"पारू, हायेस का गं?"

"हाय," पारू खालून म्हणाली. "ओंडका गेला."

पाड्यात एवढा लांब दुसरा दोर नव्हता. गुरांची दावी एकमेकांना बांधून पाहिली, ती अर्ध्यातच संपली. शेवटी एकजण टेकाडावर, जिथे मोबाईलला रेंज मिळते तिथे धावत गेला आणि त्याने जव्हारच्या अग्निशमन केंद्राला फोन लावला. बंब लगेच निघाला खरा, पण वाट वळणावळणाची आणि चढाची. रस्ता संपला तिथे बंब थांबला, माणसं दोर आणि कप्पी खांद्यावर घेऊन चालत वर आली, तोवर ऊन कलायला लागलं होतं.

आलेल्यांत सखा नावाचा सगळ्यात जुना जवान होता. अंगाने आडवा, आवाज मोठा. त्याने काठावर झोपून खाली पाहिलं.

"पोरी, घाबरू नको. दोर सोडतो. कमरेला घट्ट बांध आणि हिसका दे."

दोर खाली गेला. थोड्या वेळाने हिसका आला. सखाने ओढायची खूण केली. हाताला वजन लागलं, पण सखाला जरा नवलच वाटलं. माणूस इतकं गप्प वर येत नाही. दोर संपत आला आणि काठावर टेकला तो काठोकाठ भरलेला हंडा.

"हे काय?" सखा म्हणाला.

"आधी हंडा घ्या," खालून आवाज आला. "मी कुठं पलून जातंय?"

बंबाची वाट बघत पारू रिकामी बसली नव्हती. झरा पाझरत होता, वाटी हातात होती, तेव्हा तिने हंडा भरून ठेवला होता. आणि आता तिला दुसरा हंडा हवा होता. सखाने समजावलं, मग जरा दरडावलंही. पारूचं म्हणणं सरळ होतं. ती एकदा वर आली की नवा ओंडका बसेपर्यंत कोणी खाली उतरणार नाही. मग पाड्याने रातीला प्यायचं काय? काठावरच्या बायकांनी ते ऐकलं, आणि आपापले हंडे पुढे सरकवले.

त्या दिवशी अग्निशमन दलाने पाड्याचं पाणी भरलं. सुदर्शन म्हणून नुकताच कामाला लागलेला एक जवान होता, त्याच्या तळहातांना फोड आले. पुढे तो सगळ्यांना सांगायचा, की प्रशिक्षणात त्याला आग, धूर, पूर सगळं शिकवलं होतं, फक्त पाड्याचं पाणी भरायचं राहिलं होतं.

शेवटचा हंडा निघाला तेव्हा पारूही वर आली, चिखलाने नखशिखान्त माखलेली. माघीने तिला पोटाशी धरलं, डोळे पुसले आणि विचारलं, "वाटी आनलीस का?"

वाटी खालीच राहिली होती.

निघताना सखा म्हणाला, "खंडेनवमीला जव्हारला ये. आमच्या केंद्रावर. ज्याला आम्ही बाहेर काढतो तो त्या दिवशी शिधा घेऊन येतो. जुनी रीत आहे."

"किती आनायचा शिधा?"

"तुला जमेल तेवढा. मूठभर आणलास तरी चालेल. पण स्वतः यायचं, कोणाच्या हाती पाठवायचा नाही."

पारूने रीत मोडायचं कारण नव्हतं. त्या वर्षी भातं चांगली होती, नागली निसवली होती. नवऱ्याला, सोम्याला, तिने बरोबर चल म्हटलं तर तो म्हणाला, "मी कुठं पडलो व्हतो विहिरीत?" तेव्हा ती एकटीच निघाली. पाटीत जुनी नागली, थोडी वरई आणि मांडवावरच्या दोन काकड्या. मोखाड्याला जीप बदलली. जव्हारला उतरल्यावर बंबाचं घर कुठं म्हणून विचारत विचारत ती बुरूड आळीत पोचली.

केंद्र म्हणजे काळ्या दगडाची एक कौलारू इमारत. आत जेमतेम एक बंब मावायचा. शेजारी चिमणीसारखा उंच, निमुळता मनोरा होता. कॅनव्हासचे लांबलचक होज, म्हणजे पाण्याचे नळे, ओले झाले की त्या मनोऱ्यात वरून खाली सोडून वाळत घालत. त्याच्या माथ्यावर पितळी घंटा. आळीत घरोघरी सुके बांबू उभे केलेले, दारात सोललेल्या कामट्यांचे ढीग. एक ठिणगी पडली तर आळी राहायची नाही, म्हणून कोणीतरी फार पूर्वी केंद्र इथेच बांधलं. तेव्हाच्या बंबात पाणी थोडं मावे. घंटा वाजली, की आळीतल्या प्रत्येक घराने हाताला लागेल ते भरलेलं भांडं घेऊन धावायचं, असा दंडक होता. पुढे भोंगा आला, मग टेलिफोन आला, आणि घंटा नुसतीच टांगलेली राहिली. हे सगळं पारूला त्या पहिल्या दिवशी समोरच्या घरातल्या गंगीने सांगितलं. गंगी सुपं विणायची, आणि तिचे हात जितके भरभर चालायचे तितकंच तोंडही.

बंबाला झेंडूची माळ घातली होती. शिड्या, दोर, कुऱ्हाडी ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू लावलं होतं. अंगणात तीन दगडांची मोठी चूल पेटली होती आणि तिच्याभोवती काढलेली माणसं बसली होती. आपण एकटेच असू असं पारूला वाटलं होतं. पण इथे लहान्या होता, पोशेऱ्याकडचा, ज्याचा बैल घळीत पडला होता. "काढलं बैलाला," तो म्हणायचा, "पन बैलाला रीत काय ठावं, म्हनून मी येतंय." योगिता म्हणून एक मास्तरीण होती. तिची जीप ओढ्याच्या पुरात अडकली होती आणि ती टपावर बसून मुलांच्या उत्तरपत्रिका डोक्यावर धरून होती. ती दरवर्षी गूळ आणायची. आणखीही होती, कोणी झाडावरचं, कोणी आगीतलं. सगळ्यांचा शिधा एका टोपात जायचा. शिजेपर्यंत प्रत्येकाने आपली हकीकत सांगायची. बाकीच्यांना ती तोंडपाठ असायची, म्हणून कोणी काही गाळलं की दुसरा लगेच आठवण करून द्यायचा.

पारूची पाळी आली तेव्हा ती लाजली. पाड्यावर त्या गोष्टीचं कोणाला अप्रूप नव्हतं. ओंडका मोडला, नवा घातला, संपलं. माघीला तर अजून वाटीचंच दुःख होतं. इथे मात्र हंडा वर आला त्या जागी सगळे पोट धरून हसले, आणि सखाने मोठ्या आवाजात सांगितलं, "इतक्या वर्षांत मी शंभर माणसं ओढली असतील. आधी पाणी पाठवणारी ही एकच." घरी परतताना जीपमध्ये पारूला आपण जरा उंच झाल्यासारखं वाटत होतं.

मग ती दरवर्षी जात राहिली. तिसऱ्या की चौथ्या वर्षी तिने टोपातला डाव स्वतःच्या हातात घेतला, कारण आधीचा आचारी खिचडी हमखास करपवायचा. तिथली माणसं हळूहळू घरची झाली. लहान्याने तिला एक कालवड अर्धलीवर पाळायला दिली. योगिताबाईंनी तिच्या लेकीला, कविताला, आश्रमशाळेत घालायला मदत केली. सोम्या दिवाळीनंतर ठाण्याकडे बिगारीच्या कामावर जायचा आणि तिकडून हिंदी घेऊन यायचा. तो गावात नसताना काही अडलं तर पारू सुदर्शनला फोन करायची. सखा निवृत्त झाला, त्याला कमी ऐकू येऊ लागलं, पण तो आळीतच खोली घेऊन राहिला.

मग गावाबाहेर मोठ्या रस्त्याला नवं केंद्र झालं. प्रशस्त, फरशी घातलेलं, नवा कोरा बंब, भोंगा थेट खालच्या वस्तीपर्यंत ऐकू जाणारा. जुन्या इमारतीचं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं, की ती वारसा म्हणून जपायची. तसं ठरायला कारण झाला तो तुषार. सिन्नरकडचा, तिशीच्या आतला, नवा केंद्रप्रमुख. त्याचा त्या काळ्या दगडाच्या घरावर जीव बसला होता. सुट्टीच्या दिवशी तो स्वतः बाह्या वर करून जुनी पितळी शिरस्त्राणं चिंचेने घासायचा, जुने नळे पुसून काचेच्या कपाटात मांडायचा. खंडेनवमीला दुपारी, चार पाहुणे बोलावून, या जुन्या वस्तूंचं दालन उघडायचं, असं त्याने योजलं होतं.

त्या सकाळी पारू आणि लहान्या आळीत पोचले तर फाटकाला नवा रंग, आणि फाटकावर पाटी. पारूला वाचता येत नव्हतं असं नाही, पण ती सावकाश वाचायची. आत चूल पेटवू नये, एवढं तिला कळलं. तेवढ्यात तुषारच बाहेर आला.

"ताई, तुम्ही सूर्यमाळच्या ना? सुदर्शनदादांनी सांगितलंय. शिधा खुशाल आणा. जेवण आपण नव्या केंद्रावर करू, गॅसवर. इथे चूल नको. वर सगळं जुनं लाकूड आहे."

"साहेब, इतकी वर्सं पेटवलीच की."

"इतकी वर्षं काही झालं नाही, हे नशीब म्हणायचं."

"काय झालं असतं तर इझवनारे हितंच व्हते."

"तेच तर. आता ते तिकडे आहेत."

पोराचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच तिला राग आला. तिने पाटी डोक्यावरून उतरवून खाली ठेवली आणि त्याच फाटकाला टेकून बसली. लहान्याही बसला. योगिताबाई गूळ घेऊन आल्या, त्यांनी पाटी वाचली आणि त्याही तिथेच थांबल्या. नव्या केंद्रावर जायला कोणाचे पाय वळेनात. त्या केंद्राने त्यांच्यापैकी कोणालाच कधी काढलेलं नव्हतं.

समोरून गंगीने हाक मारली. "तिथं काय धरणं धरून बसलाय? माझ्या अंगणात मांडा चूल."

तिने आणि तिच्या सुनेने कामट्या उचलून अंगण मोकळं केलं. चूल मांडली. तुषार रस्त्याच्या पलीकडून बघत होता. त्याला राहवेना. तो आला, भिंतीला टेकवलेल्या बांबूंपासून चूल किती लांब आहे ते नजरेने मापलं आणि दगड स्वतः उचलून आणखी पलीकडे सरकवले. मग आतून वाळूच्या दोन बादल्या आणून बाजूला ठेवल्या.

"आता पेटवा," तो म्हणाला.

"बसा की साहेब," पारू म्हणाली. राग थोडा निवळला होता.

"येतो. तेवढी वरची घंटा पुसून घेतो. पाहुणे यायच्या आत चकचकीत व्हायला हवी."

तो मनोऱ्यात गेला. पारूने नागली आणि तांदळाचं आधण ठेवलं. डाळ धुतली, काकडी चोचवायला घेतली. नेहमीच्या गप्पा सुरू झाल्या. लहान्याचा बैल घळीत पडला होता, तोच भाग चालू होता.

अन् घंटा वाजायला लागली.

सुरुवातीला एकदोन टोले पडले, मग थांबेचना. लहान मुलं दारात येऊन वर बघू लागली. त्यांनी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. गंगी मात्र विणत असलेलं सूप टाकून उठली, घरात गेली आणि भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाहेर आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पलीकडच्या घरातली म्हातारी घमेलं घेऊन आली. टपरीवाला चहाचं पातेलं घेऊन आला, त्यात चहाच होता. आळीच्या टोकापर्यंत दारं उघडली आणि म्हातारी माणसं, मग त्यांच्या मागून तरणी, हंडे, बादल्या, तांबे घेऊन मनोऱ्यापाशी धावत आली. बघता बघता अंगणभर पाणी उभं राहिलं.

"आग कुठं?" गंगीने विचारलं.

घंटा थांबली. मनोऱ्याच्या माथ्यावरच्या झरोक्यातून तुषारचं डोकं बाहेर आलं.

"आग नाही," तो वरून म्हणाला. "मी आहे."

झालं होतं असं, की मनोऱ्यातली लाकडी शिडी वरच्या टोकाला कुजली होती. तुषार वरच्या फळीवर चढला आणि शिडी सरकून खाली कोसळली. तिला धरायला गेला तर मोबाईलही हातातून सुटला. तो फळीवर सुखरूप होता, पण उतरायला काही नव्हतं.

तेवढ्यात सखा काठी टेकत आला. त्याच्या दुसऱ्या हातात पाण्याचा लोटा होता.

"कोण पडलंय?" त्याने विचारलं.

"पडलं नाय बाबा," पारू त्याच्या कानाशी ओरडली. "साहेब वर अडकलंय."

"वर? बरं झालं. खाली अडकला असता तर वजन ओढावं लागलं असतं."

पारूने सुदर्शनला फोन लावला. तो आणि सगळी तुकडी नवा बंब आणि शिड्या घेऊन पोशेऱ्याच्या अलीकडे होती. तिथे एक वासरू रस्त्याखालच्या मोरीत शिरलं होतं आणि बाहेर यायला तयार नव्हतं. सुदर्शनने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ फोनवर नुसता श्वासाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "साहेबांना सांगा, हलू नका. आम्हाला वेळ लागेल." तो हसू दाबत होता हे पारूला कळलं.

"आपुनच काढू," ती फोन ठेवत म्हणाली.

कोणी काय करायचं, यावर मग सगळेच एकदम बोलायला लागले. लहान्याने सुचवलं की दालनातला दोर वर फेकावा. त्याने जोरात फेकला, तो झरोक्याच्या निम्म्यापर्यंत गेला आणि परत त्याच्याच डोक्यावर येऊन पडला. पारूने फेकला, तो गंगीच्या कौलांवर. योगिताबाई म्हणाल्या गाद्या अंथराव्या. तुषार वरून घाईघाईने म्हणाला, गाद्या नकोत, मी उडी मारणार नाही.

"मग काय करू, तुमीच सांगा की," पारू म्हणाली.

तुषारने झरोक्यातून खालचं अंगण न्याहाळलं. मग त्याचा आवाज बदलला. कवायतीच्या मैदानावर असावा तसा तो शांतपणे, एकेक गोष्ट सांगू लागला. आळीत सगळ्यात लांब बांबू कोणाकडे आहेत? ते दोन घ्या. आडवे दांडे हाताच्या अंतरावर बांधा. प्रत्येक गाठ दुहेरी. चढणारा आधी एका दांड्यावर उभा राहून हलवून बघेल. पायथ्याशी वजनदार माणूस बसवा. आळीला फक्त एवढंच हवं होतं. बांबू निवडणं आणि बांधणं हे तिथल्या माणसांच्या हातातच होतं. माणसं, बाया, सगळे वाकले आणि पाण्याच्या भांड्यांच्या मधोमध एक लांब शिडी उभी राहू लागली. तुषार वरून गाठी तपासत होता. "ती तिसरी पुन्हा बांधा," असं तो म्हणाला, आणि गंगीच्या सुनेने ती सोडून पुन्हा बांधली.

शिडी लावली. ती झरोक्यापेक्षा वीतभर उंचच निघाली. लहान्या पायथ्याशी मांडी घालून बसला. टपरीवाल्याचा भाऊ कमरेला दोर बांधून वर चढला, दोराचं टोक त्याने तुषारच्या हाती दिलं आणि तो खाली उतरला. तुषारने ते कमरेला बांधलं, दुसरं टोक खाली चौघांनी धरलं. तो झरोक्यातून पाय बाहेर काढणार, तोच पारू म्हणाली, "साहेब, घंटा पुसून झाली का?"

"अर्धी राहिली."

"मग तेवढी पुसून या. परत कोन चढल?"

खालची माणसं हसली, पण तुषार खरंच परत आत गेला. फडकं घासल्याचा आवाज खालपर्यंत येत होता. त्याने काम पुरं केलं आणि मग एकेक दांडा तपासत खाली आला. पाय जमिनीला लागल्यावर त्याने आधी शिडीच्या गाठींकडे पाहिलं, मग अंगणात दाटीने मांडलेल्या भांड्यांकडे. कोणी एक थेंब सांडला नव्हता. तो त्यांच्यापुढे मान लववून उभा राहिला. दालनात काचेमागे ठेवलेल्या एकाही वस्तूपुढे त्याने इतका वेळ मान लववली नव्हती.

"चहा घ्या," टपरीवाला म्हणाला. "आगीसाठी आणला होता, पण गरम आहे अजून."

एवढ्या गडबडीत खिचडी खाली लागली होती. पारू फार चिडली. इतक्या वर्षांत तिच्या हातची खिचडी करपली नव्हती. लहान्या म्हणाला की करपलेलीच आवडते, आणि त्याने ती खाऊन दाखवली. सुदर्शन आणि तुकडी वासरू काढून आली ती थेट पंगतीला. दुपारी पाहुणे आले तेव्हा दालन उघडायला तिथे कोणी नव्हतं. तुषार गंगीच्या अंगणात पत्रावळीवर जेवत होता. पाहुण्यांनाही मग तिथेच पाट मांडले.

जेवणं झाल्यावर वाद निघाला. साहेबाला काढलं, म्हणजे साहेबही शिध्याला लागला. पण तो द्यायचा कोणाला? केंद्राने काढलं तर केंद्राला, इथवर रीत सरळ होती. केंद्राच्या माणसालाच बाहेरच्यांनी काढलं, असं पूर्वी घडलं नव्हतं. शिडी आळीची, वजन लहान्याचं, दोर केंद्राचा. सगळे सखाकडे बघू लागले. त्याला प्रश्न दोनदा ओरडून सांगावा लागला.

"आळीला दिला तर काय, रस्ता ओलांडून येईल," सखा म्हणाला. "पारूकडे जाऊ दे. जरा चालेल तरी."

तुषार मान डोलावून हसला. पारूला ती थट्टा वाटली.

दिवाळीच्या तोंडावर पाड्यावर नागलीची कापणी चालली होती. पारू उतारावरच्या शेतात कणसं खुडत होती. सोम्या अजून ठाण्याला गेला नव्हता, तो भारे वाहत होता. खालच्या पायवाटेने एक शहरी माणूस वर येताना दिसला, खांद्यावर पिशवी, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने मोटरसायकल रस्ता संपतो तिथे ठेवली होती आणि दोनदा वाट चुकला होता. मागोमाग पाड्यातली निम्मी पोरं येत होती.

"कोन गं यो?" सोम्याने विचारलं.

"ज्याला आमी काढला तो," पारू म्हणाली, आणि विळा कमरेला खोचून खाली उतरली.

तुषारने पिशवी तिच्या पुढे ठेवली. तांदूळ, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे. शिधा तिने आजवर नेला होता, घेतला कधीच नव्हता. तिने पिशवी दोन्ही हातांनी उचलली आणि पुढे चालू लागली.

ओसरीवर माघी बसली होती. आता तिला कमी दिसायचं. तिने तुषारला जवळ बसवून घेतलं, त्याचा हात चाचपला.

"तू आगीचा साहेब का?"

"हो आजी."

"लगीन झाला का तुझा?"

"नाही अजून."

"मग वर कशाला चढतस रं पोरा. आधी लगीन करायचा, मग चढायचा."

सोम्या मोठ्याने हसला. पारूने चूल पेटवली, पिशवीतलेच तांदूळ काढून धुतले. भात शिजेपर्यंत तुषार ओसरीवर बसून बोलत राहिला. त्याने सांगितलं, की जुन्या केंद्राच्या मागच्या बाजूला, भिंतीपासून लांब, सुदर्शन आणि लहान्याने मिळून फरशी बसवली आहे. तिथे चूल पेटवायची परवानगी त्याने मागितली होती आणि ती मिळाली, वर्षातून एका दिवसापुरती. फाटकावरची पाटी तीच आहे, पण तिच्याखाली एक ओळ वाढवली आहे. मनोऱ्यात लोखंडी शिडी लागली. बुरूड आळीची बांबूची शिडी त्याने दालनात ठेवायची म्हटली, तर गंगीने दिली नाही. तिला मांडवाला हवी होती.

"मग?" पारूने विचारलं.

"मग काय. दुसरी बांधून देणार म्हणाल्या, मजुरी घेऊन."

जेवण झालं. माघीने त्याला दोनदा वाढायला लावलं आणि तिसऱ्यांदा त्याला ताटावर हात आडवा धरू दिला नाही. उन्हं उतरली तेव्हा तो निघाला. परसातला मोठा लाल भोपळा सोम्याने त्याच्या खांद्यावर दिला. तो नको नको म्हणत होता, मोटरसायकलवर कसा नेऊ म्हणत होता, पण तोवर पोरांनी त्याची रिकामी पिशवी उचलली होती आणि ती वाट दाखवत पुढे पळतही सुटली होती. पारू बांधावर उभी राहून बघत होती. पहिल्या वळणावर त्याने भोपळा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. मग ती विळा काढून पुन्हा नागलीत शिरली. अजून अर्धं शेत राहिलं होतं.